कराराबाहेरचे कुटुंब

घर भाड्याने द्यावे तर कंपनीलाच द्यावे, हे आता आमच्या वर्ध्याच्या दलालांचे ब्रह्मवाक्य झाले आहे. भाडे वेळेवर बँकेत पडते आणि भाडेकरू ठाण मांडून बसेल ही धास्ती उरत नाही.

त्याला कायद्याचाही आधार आहे. पूर्वी विदर्भात १९४९ चा भाडेनियंत्रण हुकूम होता. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची, तर आधी नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. बँका, सरकारी उपक्रम आणि ज्यांचे भरणा झालेले भांडवल एक कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे अशा कंपन्या यांना दिलेल्या जागा त्याने आपल्या कक्षेतून वगळल्या. बलवंताला कायद्याची काठी कशाला, हा त्यामागचा विचार.

पण घरात कंपनी कधी राहते काय? माझे एक घर मी अशाच कंपनीला दिले होते. करारावर सही तिच्या अधिकाऱ्याची. दाराला तोरण बांधणारी आणि अंगणात रांगोळी घालणारी मात्र एका कनिष्ठ अभियंत्याची पत्नी. एके दिवशी कंपनीचे पत्र आले : काम संपले, जानेवारीअखेर घर सोडत आहोत. अभियंत्याची बदली झाली. थोरली मुलगी दहावीत, परीक्षा मार्चात.

दलाल म्हणाला, "गुरुजी, त्यांच्याशी तुमचा करारच नाही. नवी कंपनी जास्त भाडं द्यायला तयार आहे."

बोलणे खरे होते. कायद्याने मी मोकळा होतो. पण कायद्यातून सुटलेला माणूस कर्तव्यातूनही सुटतो काय? मला वाटते, कायद्याचा धाक असतो तेथे मालक नीट वागतोच. त्याची परीक्षा धाक संपल्यावर होते. सेवाग्रामच्या शेजारी राहून आपण विश्वस्तवृत्तीच्या गोष्टी करतो. तिचा अर्थ अशा वेळी चार पैशांत मोजावा लागतो.

मी त्या कुटुंबाशी जुन्याच भाड्याने तीन महिन्यांचा वेगळा करार केला. तो लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी कायद्याने मालकाचीच. वाढीव भाडे तेवढे दिवस बुडाले. मुलीने परीक्षा येथूनच दिली.

वाचकहो, तुमचेही घर कंपनीकडे असेल, तर यंदा तेथे पणती कोण लावणार, हे करार वाचून कळायचे नाही. फराळाचे ताट घेऊन एकदा जाऊन या.