ढ

बाराखडीतलं एक साधं अक्षर. आमच्या भावाला शाळेत तेच नाव पडलं. फळ्यावरचं उतरवताना त्याची अक्षरं उलटीपालटी व्हायची. मास्तर म्हणाले, ह्यांच्या डोक्यात विद्या शिरायचीच नाही. 'ह्यांच्या' म्हंजे कुणाच्या, ते अख्ख्या वर्गाला कळलं. चौथीत त्यानं दप्तर टाकलं. आज पापडीत तो पंपाच्या मोटरीचा बिघाड नुसत्या आवाजावरून सांगतो. पण फॉर्म पुढं आला की म्हणतो, "मी ढ. तूच भर."

आता त्याची नात तशीच अडखळते. डॉक्टर म्हणाले, डिस्लेक्सिया. बुद्धी शाबूत आहे, वाचायला वेगळ्या रीतीनं शिकवावं लागेल. महाराष्ट्रात अशा मुलांना १९९६ पासून शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली. पण त्याला दाखला लागतो. भावाची सून म्हणाली, "काका, आधीच जातीचा दाखला, त्यात हा. पोरीवर शिक्के तरी किती मारायचे?"

तिचा सवाल खोटा नाही. शिक्का काय, दाखला काय, दोन्हीत नावच ठेवलेलं. मग फरक कुठं? 'ढ' म्हणणारा मोकळा होतो. त्याला पुढं शिकवावंच लागत नाही. दाखला शाळेला बांधून घालतो: जादा वेळ दे, लेखनिक दे, नीट शिकव. नाव ठेवणारा ज्यानं सुटतो ते नाव झुगारावं. ज्यानं तो बांधला जातो ते हक्कानं घ्यावं. आणि दाखल्यातलं नाव कुणी पोरीला हाक मारायला वापरलं, तर तो पुन्हा ढच.

हे भावाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हंजे मी ढ नव्हतो?"

पन्नास वर्षांनी विचारतोय. जबाब कुणी द्यायचा?