कपाखालचे कडे

फराळ झाला, चहाही पिऊन झाला, की हातातला चिनी मातीचा कप एकदा पालथा करून पाहा. (तळाशी घोटभर चहा उरला असेल तर आधी बशीत ओता, सणासुदीला धोतर-पातळ खराब झाल्याचा बोल मला नको.) खाली एक बारीक गोल कडे दिसेल. कप त्या कड्यावर उभा असतो आणि कड्याच्या आत कारखान्याचे नाव असते. हे कडे आता बहुधा साच्यातून किंवा यंत्रातून येते. परंतु पूर्वी दीर्घकाळ ते एका माणसाच्या हातून येत असे. त्या माणसासंबंधी मला थोडे बोलायचे आहे.

इंग्रजीत त्याला टर्नर म्हणतात. आपल्याकडे लाटणी, भोवरे, पलंगाचे खूर कातणारा कातारी असतो, त्याचाच हा मातीतला भाऊ. इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात, स्टोक-ऑन-ट्रेंटच्या परिसरात, या कामाची मोठी परंपरा झाली. चाकावरच्या कुंभाराने भांडे जरा जाडसर उठवायचे. ते कातड्याइतके घट्ट होईतो सुकू द्यायचे. मग कातार्‍याने ते लेथवर चढवून पोलादी हत्याराने जास्तीची माती काढून टाकायची, अंग पातळ करायचे आणि तळाला कडे कोरायचे. माती ओली असेल तर हत्याराला चिकटते, फार सुकली असेल तर तिचा भुगा होतो, आणि वेळ साधली तर फितीसारखी लांबच लांब सालपटे निघतात. आपला कुंभार थापटणे आणि गोटा घेऊन मडके पातळ करतो. गोरोबाकाकांच्या हातातले थापटणे आपल्याला कथेतून ठाऊकच आहे. तेथे माती पसरते, कमी होत नाही. कातार्‍याचे सारे कसब मात्र कमी करण्यात. केसभर अधिक काढले की भांडे गेले. काढलेली फीत पुन्हा चिकटवता येत नाही.

म्हणजे याची कामगिरी उत्तम झाली तर ती दिसतच नाही. कप हलका लागतो, ओठाला सुखावतो, एवढेच. आणि ज्या कड्यावर त्याचा हात शेवटचा फिरला त्याच्याच आत दुसर्‍याचे नाव उमटते. अशा माणसाने आपले काम चोख का करावे, हा प्रश्न मला पडतो.

आपल्याकडे याचे उत्तर तयार असते : निष्काम कर्म. गीतेवर अधिकारवाणीने बोलावे इतके माझे शिक्षण नाही. पण फळाची आशा सोडण्याचा उपदेश माणसाने स्वतःला करावा, अशी माझी समजूत आहे. दुसर्‍याच्या फळाबाबत आपण तो करू लागलो की त्याला निराळाच वास येऊ लागतो. माझे नाव माझ्या कादंबर्‍यांच्या वेष्टनावर छापले जाते. हा लेख छापतानाही संपादक ते गाळणार नाहीत. अनामिकतेचे गोडवे गायला मी फारसा योग्य माणूस नव्हे.

जोसाया वेजवूडचे उदाहरण पाहा. हा खरोखर मोठा कारागीर. १७६३ साली त्याने नक्षी कातणारा नवा लेथ आपल्या कामात आणला. १७६९ च्या जून महिन्यात एट्रुरिया येथील कारखाना उघडला, त्या दिवशी त्याने स्वतः चाकावर सहा कलश घडवले आणि त्याचा भागीदार टॉमस बेंटली याने चाक फिरवले. कलशांवर दोघांचीही नावे आहेत. चाक फिरवणार्‍याचेसुद्धा! याच वर्षी त्याने बेंटलीला पत्रातून कळवले की, आपल्याला माणसांची अशी यंत्रे करायची आहेत, की ज्यांच्या हातून चूक होणारच नाही. मला हे वाक्य बरेच दिवस सलत राहिले. ज्याच्या हातून चूक होऊच शकत नाही, त्याच्या अचूकपणाला किंमत ती काय? कातारी हत्यार उचलतो तो क्षण त्याने स्वतः ठरवलेला असतो. अजून एक फीत काढण्याचा मोह तेथे त्याने आवरलेला असतो. मला तरी त्याच्या कामातले माणूसपण तेथेच दिसते.

बरे, यंत्राला निदान दंड होत नाही. त्या मुलुखात पुढे एक रीत बोकाळली होती. भट्टीतून धड निघालेल्या नगांचीच मजुरी द्यायची. भट्टीवाल्याच्या हयगयीने माल तडकला तरी नुकसान घडवणार्‍याचे. ताटल्या घडवणार्‍यांना ही रीत फार जाचली, आणि १८३६ च्या मोठ्या संपामागे तीही एक तक्रार होती. संप फसला. नग चांगला निघाला तर नाव मालकाचे. फुटला तर मात्र कोणी घडवला याचा शोध बिनचूक लागे! तेथे निष्कामतेची आठवण कोणालाच होत नसे. नाव देता येत नसेल तर न द्या, परंतु मग दोषाच्या वेळीही तितकेच विसराळू व्हा, एवढे तरी न्यायाला धरून नको का?

शिवाय जमिनीवर पडलेली सालपटे सुकत, पायाखाली भरडली जात आणि त्यांची धूळ होई. मातीत गारगोटीची पूड मिसळलेली. ती फुप्फुसात साठली की माणूस खोकून खोकून खंगे. स्टोकचे डॉक्टर आर्लिज यांनी व्यवसायजन्य रोगांवरच्या १८९२ च्या ग्रंथात या कामगारांची दैन्यावस्था नोंदवली आहे. कपाच्या अंगावरून जे उतरले ते असे कोणाच्या तरी अंगात शिरत होते.

आणि लेथ फिरवी कोण? वाफेचे पट्टे येण्यापूर्वी, आणि काही ठिकाणी नंतरही, ते काम बहुधा एखादी बाई करी. कातार्‍याच्या शेजारी उभी राहून पायाने पायटा दाबायचा. माती काढून झाली की लेथ उलटा फिरवायचा, म्हणजे हत्याराची सपाट बाजू दाबून अंग गुळगुळीत करता येई. हत्यार केव्हा उचलले जाणार हे तिला त्याच्याइतकेच आधी कळावे लागे. मी आतापर्यंत कातार्‍याला नाव नाही म्हणून इतका हळहळलो. या बाईचा उल्लेख मात्र लेखाच्या शेवटी आला.