लोकांना हेच हवं असतं?

चार दिवस झाले, आत्महत्या केलेल्या त्या मुलाचा फोटो टीव्हीच्या पडद्यावरून हलत नाही. भोवती लाल वर्तुळ, मागे ढणाढणा संगीत. बातमीला संगीत लागतंच कशाला, हे मी कितीदा विचारलं असेल! आणि त्याच्या आईच्या तोंडासमोर माइक.

स्पर्धा आहे, सगळेच दाखवतात, ही वाहिन्यांची उत्तरं सोडून देऊ. पण ‘लोकांना हेच हवं असतं’ हे मला सोडवत नाही. कोणत्या लोकांना? ज्यांच्या घरात बारावीचं पोर आहे आणि ही बातमी लागली की आई रिमोट शोधत धावते, त्यांना? नळाला गढूळ पाणी सोडायचं आणि लोक पितात म्हणजे त्यांना तेच आवडतं म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. तापातल्या नातवाला कुणी कुल्फी दिली आणि ‘त्यानंच मागितली’ म्हणाला, तर आजी त्याला दारात उभं करणार नाही. आणि किती जणांनी पाहिलं हे मोजता येतं. त्यातला कोण त्या रात्री आधीच खचलेला होता, ते कुठे मोजतात?

अशा बातम्यांचा परिणाम व्हिएन्नात दिसला होता. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या १९८४पासून वाढत गेल्या. वर्तमानपत्रं त्या भडक रंगवून छापत होती. १९८७च्या मध्याला तिथल्या आत्महत्या-प्रतिबंधक संघटनेनं वार्तांकनाचे संकेत पुढे ठेवले, पत्रांनी ते मानले. वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत तिथल्या आत्महत्या आणि तसे प्रयत्न ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. गाड्या त्याच, फलाट तेच.

आपल्याकडेही प्रेस कौन्सिलनं २०१९मध्ये असेच संकेत स्वीकारले: ठळक जागा नको, भडक मथळा नको, पुन्हापुन्हा तेच नको, फोटो नको. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१मध्ये निकाल दिला, तेव्हा वाहिन्यांनाही प्रेस कौन्सिलचे संकेत लागू केले. तरी पडद्यावर तो फोटो, ते वर्तुळ.

मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, रात्री-बेरात्रीही लागतो. या चार दिवसांत तो मला पडद्यावर एकदाही दिसला नाही. वर्तुळ काढायचंच असेल, तर या पाच आकड्यांभोवती काढा. मागे संगीत वाजवलंत तरी चालेल.