न आलेले साक्षीदार

श्रद्धेने रोग बरा होतो की नाही, या वादात मला शिरावयाचे नाही. माझा प्रश्न निराळा आहे. ज्याला गुण आला नाही, त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

१८६६ साली अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स राज्यात, लिन या गावी, मेरी बेकर एडी या बाई बर्फावर घसरून पडल्या. बायबल वाचीत असता आपणांस गुण आला, असे त्यांनी पुढे सांगितले. १८७५ साली त्यांचा ग्रंथ निघाला व १८७९ साली अवघ्या २६ सभासदांनिशी ‘ख्रिश्चन सायन्स’ पंथाचे चर्च स्थापन झाले. १९३६ च्या गणनेत अमेरिकेतील त्यांचे सभासद २,६८,९१५ भरले.

ही वाढ केवळ भाबडेपणाची मानणे अन्यायाचे होईल. त्या काळचे वैद्यकही फारसे भरवशाचे नव्हते. शिवाय उशाशी बसून रोग्याचे बोलणे ऐकून घेणारे माणूस मिळणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. मंडळी चार घरांची असते तोवर प्रार्थना करूनही कोणी दगावले तर त्याची रिकामी जागा सर्वांना दिसते. मंडळी वाढली की ती जागा चटकन भरून जाते.

या पंथात दर बुधवारी सभा भरते आणि बरे झालेले लोक उठून आपापला अनुभव सांगतात. १९०२ पासून बाईंच्या ग्रंथाच्या अखेरीस अशा अनुभवांचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. या साक्षी खोट्या आहेत, असे मी म्हणत नाही. परंतु एकाच पक्षाचे साक्षीदार तपासून निकाल देणारे न्यायासन माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडेही नवस फेडणाऱ्यांची रांग देवळापुढे दिसते. ज्याचा नवस फळला नाही तो घरीच बसलेला असतो.

१९८६ साली, पंथाचे मुख्य मंदिर ज्या बॉस्टन शहरात आहे तेथेच, अडीच वर्षांचे एक मूल आतड्यास अडथळा होऊन वारले. आईबापांनी प्रार्थनेवर भिस्त ठेवली होती. १९६७ साली अशाच एका आईला शिक्षा झाल्यावर, १९७१ साली राज्याने प्रार्थनोपचारास कायद्यात सवलत दिली होती. तरीही १९९० साली हे आईबाप सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. १९९३ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. कारण पंथाच्या प्रकाशनात छापलेल्या सरकारी अभिप्रायाने त्यांची दिशाभूल झाली असणे शक्य होते. मात्र ती सवलत मनुष्यवधाच्या आरोपापासून संरक्षण देत नाही, हेही न्यायालयाने बजाविले, आणि त्याच वर्षी ती सवलत रद्द झाली.

निकाल मला योग्य वाटतो, पण माझे समाधान होत नाही. त्या दोघांनी बुधवारमागून बुधवार केवळ बऱ्या झालेल्यांचेच ऐकले होते. निष्काळजी म्हणावे, तर मुलाच्या उशाशी ते अखेरपर्यंत बसून होते. गुण आला तर श्रेय पंथाच्या तत्त्वाचे. न आला तर पिंजऱ्यात उभे राहावयाचे ते आईबापांनी. पंथाने त्यांची बाजू जाहीरपणे मांडली, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु त्या मुलाची हकीकत पुढच्या बुधवारी सभेत उठून कोणी सांगितली असेल, असे मला वाटत नाही.