मीही असाच होणार का?



राजपुत्र सिद्धार्थाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. रथातून जाताना त्याला एक जर्जर वृद्ध दिसला. त्याने सारथी छन्नाला विचारले, "मीही असाच होणार का?" छन्न म्हणाला, "होय, यातून कोणीच सुटत नाही." उद्या ज्याच्या हाती राज्यकारभार यायचा होता, त्याच्या मनात हा प्रश्न उठला, हे ध्यानात घ्यावे.

आज हा प्रश्न कोठे उभा आहे? केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो वेळेत पोहोचला नाही तर पैसे थांबतात आणि औषधांचा खर्च अडतो. नियम चुकीचा नाही. तिजोरीतील पैसा जनतेचा आहे. पण गुडघे धरत बँकेच्या पायऱ्या चढणाऱ्या आजींना आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते, तेव्हा नियम चालवणाऱ्याला म्हातारपण कळलेले असावे लागते.

2014 मध्ये 'जीवन प्रमाण' आले आणि बोटांच्या ठशावरून दाखला मिळू लागला. पण वयाबरोबर ठसे पुसट होतात, यंत्र ते ओळखत नाही. 2019 मध्ये 80 वर्षांवरील ज्येष्ठांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा मिळाली. 2020 पासून पोस्टमन घरी येऊन दाखला करून देऊ लागले. 2021 मध्ये मोबाइलसमोर चेहरा धरला तरी चालेल, अशी सोय झाली. पडताळणी तशीच राहिली, वाट मात्र सोपी झाली. करुणा नियमात उतरते ती अशी.

आपल्यापैकी अनेक जण बँकेत, पोस्टात, कचेरीत सेवा करतात. समोरच्या आजोबांचा ठसा उमटला नाही, तर "उद्या या" म्हणण्याआधी छन्नाचे उत्तर आठवा. त्यांना बसायला खुर्ची द्या, बोट पुसून पुन्हा प्रयत्न करा, चेहऱ्याचा पर्याय सांगा. त्या पाच मिनिटांत आपली साधना कसाला लागते. ध्यानात सर्वांभूती एकच चैतन्य पाहणारे आपले डोळे खिडकीपाशी आल्यावर मिटू नयेत.

जे नोकरीत नाहीत, त्यांनीही या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या एका वृद्धाला दाखला काढण्यास मदत करावी. जाताना त्यांच्याजवळ थोडे बसावे. त्यांचे आजचे वय हेच आपलेही उद्याचे वय आहे.