वाणसामान आणि व्रत

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी वाणसामानाची यादी होते. तांदूळ किती, तूरडाळ किती, तेल महिनाभर पुरेल का, मागची साखर किती उरली आहे, असा अंदाज घेत कोणीतरी एकेक ओळ उतरवते आणि शेवटी एक आकडा ठरतो: या महिन्यात स्वयंपाकघरावर एवढेच. हे काम आपण व्यवहाराच्या खात्यात टाकतो. देवघर एका बाजूला, डब्यांची फळी दुसऱ्या बाजूला, अशी आपल्या मनाची वाटणी झालेली असते. ठरवलेल्या आकड्यात महिना निभावून नेणे ही नुसती पैसे वाचवण्याची युक्ती आहे, की तिला धर्माचरण म्हणता येईल? माझ्या मते म्हणता येते, आणि तेही शब्दशः. व्रताची जी लक्षणे आपल्याकडच्या परंपरांनी मानली, ती या साध्या यादीत सापडतात. मात्र त्याला एक अट आहे. ती पाळली नाही, तर तीच काटकसर अधर्म होते.

व्रत म्हणजे उपाशी राहणे, हा समज अपुरा आहे. इच्छा जागी होण्याआधीच आपण आपल्यावर घातलेली मर्यादा, हे व्रताचे मर्म. म्हणून व्रताला संकल्प लागतो आणि संकल्प आधी सोडायचा असतो. जैन परंपरेने गृहस्थासाठी हे फार नेमकेपणाने मांडले आहे. साधूने सर्वस्व सोडावे; श्रावकाने परिग्रहपरिमाण आणि भोगोपभोगपरिमाण ही व्रते घ्यावीत, म्हणजे किती बाळगीन आणि किती वापरीन याचे माप स्वतःच ठरवावे. ‘परिमाण’ या शब्दात गृहस्थधर्माची सगळी जाण आहे, कारण गृहस्थाकडून तिथे त्यागाची नव्हे, मोजण्याची अपेक्षा आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला बुद्धाने केलेल्या उपदेशातही मिळकतीचे चार भाग येतात: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आत्मज्ञानाची वाट दाखवणाऱ्यांना घरखर्चाची विभागणी सांगणे कमीपणाचे वाटले नाही. कठोपनिषदात श्रेय आणि प्रेय यांतला जो भेद नचिकेत्यापुढे येतो, तो दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या माणसापुढेही रोज येतो. यादी करणारे मन शांत असते, घरातल्या सगळ्यांना आठवत असते. फोनवर बोट फिरवून दहा मिनिटांत खाणे मागवणारे मन त्या क्षणाच्या भुकेपुरते पाहते. पहिल्या मनाचा शब्द दुसऱ्या मनाने पाळणे, याहून व्रताची वेगळी व्याख्या करता येणार नाही.

हा शब्द आज कुठे मोडतो, ते आकड्यांतून दिसते. २०२२-२३च्या राष्ट्रीय कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण घरांच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ४६ टक्के आणि शहरी घरांत सुमारे ३९ टक्के होता. त्यातही शहरात धान्यावर एकूण खर्चाच्या चार टक्क्यांहून कमी पैसा जातो, आणि पेये, फराळाचे जिन्नस व तयार खाद्यपदार्थ यांवर दहा टक्क्यांहून अधिक. म्हणजे महिन्याचा आकडा ज्वारी-तांदळाने फुगत नाही. आधी न ठरवलेल्या, पाकिटातून येणाऱ्या गोष्टींनी तो फुगतो. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालाने २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज दिला आणि त्यातला सुमारे साठ टक्के भाग घराघरांतला असल्याचे म्हटले. भारतातल्या घरांसाठीचा अंदाज माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो आहे. एकीकडे ठरवल्यापेक्षा जास्त आणायचे, दुसरीकडे आणलेले टाकायचे. हा दोष हिशेबाचा वाटतो, पण त्याचे मूळ वृत्तीत आहे. अन्नाकडे आपण फक्त विकत घेतलेली वस्तू म्हणून पाहू लागलो की ते टाकून देण्याचा हक्कही किमतीबरोबर आपल्याकडे आला, असे वाटू लागते.

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत नेमका हाच हक्क नाकारला आहे. ब्रह्म काय आहे हे शोधायला निघालेल्या भृगूला पहिले उत्तर मिळते ते अन्न हेच. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद असा वर चढतो, तरी उपनिषद अन्नाला मागे सोडून देत नाही. सर्वोच्च ज्ञान झाल्यावरच ते साधकाला व्रते सांगते: अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावे, आणि दारी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. ‘अन्न वाढवावे’ या व्रताचा एक अर्थ शेतात आहे आणि दुसरा चुलीपाशी. आहे त्याच जिन्नसातून अधिक पोषण, अधिक चव काढणे हेही अन्न वाढवणेच. मराठी स्वयंपाकाने हे व्रत फार मनापासून पाळले आहे. पुरणासाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे पाणी ओतून दिले जात नाही. त्याची कटाची आमटी होते आणि ती सणाच्या दिवशी पुरणपोळीच्या शेजारी, नैवेद्याच्या ताटात मानाने बसते. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते, लोणी कढवल्यावर उरलेल्या बेरीत साखर पडते, वाटीभर मटकीला मोड आणले की ती भांडे भरून फुगते. भोगीला बाजारात मुबलक असलेल्या हंगामी भाज्याच एकत्र शिजतात, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. स्वस्त ते त्या ऋतूत आरोग्याला चांगले, आणि तेच देवालाही चालते, हा विचार त्या ताटात आहे. कोंड्याचा मांडा करणे हा वाक्प्रचार ज्या भाषेत रुजला, तिला काटकसर आणि कसब वेगळे वाटले नाहीत.

यावर पहिला आक्षेप धर्माच्या बाजूनेच येईल. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे, रस गेलेले, वास येणारे अन्न तामस ठरवले आहे. मग फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात यांचे समर्थन धर्माच्या नावाने कसे करता येईल? परंपरेतच याचे उत्तर आहे. मनुस्मृतीसारखा आचाराबाबत काटेकोर असलेला ग्रंथही पाचव्या अध्यायात शिळ्याचा सरसकट निषेध करत नाही. स्निग्ध पदार्थ, हवनातून उरलेले अन्न, जव-गव्हाचे आणि दुधाचे प्रकार यांना तो मोकळीक देतो. रोखायचे आहे ते बिघडलेले, आणि हा भेद जाणत्या हाताला नाकानेच कळतो. भागवत सप्ताहाची किंवा दिंडीची सांगता ज्या काल्याने होते, तो तर प्रत्येकाच्या शिदोरीतले थोडे थोडे एकत्र करून झालेल्या गोपाळकाल्याची आठवण आहे. जो समाज देवाच्या हातून असा काला वाटून घेतो, त्याने उरलेल्या भाताकडे तुच्छतेने पाहू नये. शिवाय खरी काटकसर उरलेले खपवण्याच्या आधीच सुरू होते: किती माणसे जेवायची आहेत, याचा अंदाज घेऊन मापाने शिजवण्यापासून.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. भक्ती म्हणजे हिशेबातून सुटणे. देहूचे तुकोबा स्वतः वाण्याचे दुकान चालवणाऱ्या घरातले. त्यांनी कर्जखतांतला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, असे परंपरा सांगते. मग डाळीच्या वाट्या मोजणारा परमार्थापासून दूरच जात नाही का? पण तुकोबांनी काय बुडवले, ते पाहायला हवे. ती लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते होती. दुष्काळाने पोळलेल्या माणसांवरचा आपला हक्क त्यांनी सोडला. इतरांनी आपल्याला काय द्यायचे आहे याचा हिशेब बुडवणे आणि आपण किती वापरतो याचा हिशेब ठेवणे यांत विरोध नाही. एकाच निःस्पृह वृत्तीतून दोन्ही येतात. आणि एकनाथांची आख्यायिका याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना जमाखर्चातल्या क्षुल्लक चुकीचा शोध घेत त्यांनी रात्र जागवली आणि चूक सापडल्यावर त्यांना आनंद झाला. हीच एकाग्रता परमार्थात लाव, असे गुरूंनी सांगितल्याचे मानले जाते. स्वामींनी त्या हिशेबाला तुच्छ म्हटले नाही. चित्त जिथे इतके स्थिर होते, तिथूनच पुढची वाट दाखवली. समर्थांचा दासबोधही आधी प्रपंच नेटका करायला सांगतो, मग परमार्थविवेकाकडे वळवतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि सुरुवातीला म्हटलेली अट त्यातूनच येते. काटकसरीला पुण्य म्हणायचे, म्हणजे गरिबाला त्याच्या टंचाईतच समाधान मानायला शिकवायचे आणि घरातल्या बाईला सगळ्यांच्या शेवटी, उरलेले जेवायला लावायचे, असे होत नाही का? इतिहासात तसे झाले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, पण जी सर्वांना वाढते तिच्या वाट्याला डाळ, भाजी, दूध कमी येणे हे त्यांतले एक आहे. म्हणून अट अशी: व्रत ज्याने घेतले, त्यालाच ते बांधते, आणि ज्याच्यापाशी निवड आहे तोच ते घेऊ शकतो. ज्याच्या घरी धान्यच नाही, त्याची उपासमार हा उपवास होत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्याला दिलेला धान्याचा हक्क हेच तिथले खरे धर्मकार्य आहे. घरातही महिन्याचा आकडा सर्वांनी मिळून ठरवलेला हवा आणि त्याची झळ सर्वांना सारखी बसायला हवी. खर्च कमी करायचा तर पाकिटबंद फराळ कमी व्हावा, टाकून दिली जाणारी भाजी कमी व्हावी. कोणाच्याही ताटातली आमटी नव्हे. जी काटकसर एका माणसाच्या मुकाट्याने सोसण्यावर उभी आहे, तिला काटकसर म्हणूच नये. तो घरातल्या घरात झालेला अन्याय आहे, मग यादीखालची बेरीज कितीही चोख असो.

ही अट पाळली की कंजूषी आणि काटकसर यांतला फरकही स्वच्छ दिसतो. दोघीही मोजतात. पण कंजूष मोजतो ते आपल्यापाशी साठवण्यासाठी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी शिजवणाऱ्याला पापाचा धनी म्हटले आहे, आणि पंचमहायज्ञांच्या कल्पनेत माणसे, प्राणी, पितर, देव या सर्वांचा वाटा काढल्यावरच गृहस्थाचे जेवण येते. हा वाटा काढायचा तर आधी आपले माप ठाऊक असायला हवे. ज्याला आपल्या घराला किती लागते हेच माहीत नाही, त्याला किती देता येईल हेही कळत नाही. त्याचे दान लहरीवर चालते. मोजून शिजवणाऱ्या घरात मात्र मूठभर धान्य नेमाने बाजूला काढता येते. गोव्यात पणजीची मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था अशा मुठीमुठीच्या धान्यातून उभी राहिली, आणि तिने ती मूठ आपल्या नावातच जपली. रोजच्या स्वयंपाकातून बाजूला काढलेली एक मूठ घरच्या ताटांत जाणवत नाही. अनेक घरांची मिळून मुलांसाठी शाळा होते.

म्हणून महिनाअखेरीला आकडा जमला की नाही, एवढ्यावरून या व्रताची परीक्षा होत नाही. डबे तळाला गेलेले असतात, पगाराला दोन दिवस असतात आणि अवेळी कोणीतरी दारात येते. त्या वेळी घरात पिठले-भात होईल एवढे असेल, ते मोकळ्या मनाने वाढले जाईल आणि वाढणारीही त्याच पंगतीत बसून पोटभर जेवेल, तर त्या घराचे व्रत पूर्ण झाले.