अडकलं म्हणजे बसलं नव्हे

ग्रीसगन खाली ठेव आणि इकडे ये. तुम्हीही या रे सगळे. आज याने केलं ते उद्या तुमच्यातला कुणीही करेल.

या अॅम्बेसेडरच्या पुढच्या डाव्या चाकाचं खालचं ग्रीस निपल बदलायला सांगितलं होतं तुला. तू ट्रेमधलं हाताला लागलं ते उचललंस, दोन फेरे दिलेस, पुढे जाईना तेव्हा पान्याने जोर लावलास आणि येऊन म्हणालास, "सर, झालं." काय झालं? निपल अडकलं, बसलं नाही. मोटार मेकॅनिक व्हायला निघालास आणि एवढा फरक हाताला कळू नये?

गाडी उत्तरपाड्यात बनलेली असली तरी आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. आटे इंची. हे भोक पाव इंची आहे, इंचाला २८ आटे. तू घातलंस ते ६ मिलिमीटरचं, १ मिलिमीटर पिचचं, म्हणजे इंचाला पंचवीसच्या आसपास. बारीक म्हणून ते आत शिरतं आणि पिच जुळत नाही म्हणून अडतं. पद्मिनी मूळची इटलीची फियाट, तिचा हिशेब मिलिमीटरचा. ट्रेमध्ये दोन्हींचं सामान आहे हे तुला ठाऊक होतं. आट्यांचा गेज भिंतीवर आहे. तोही राहू दे, काढलेलं जुनं निपल तुझ्या हातात होतं. नव्याच्या शेजारी धरून पाहिलंस का?

हातगनसुद्धा चौरस सेंटिमीटरला शेकडो किलोचा दाब काढते. एक-दोन आट्यांवर लटकलेलं निपल त्या दाबाने उडू शकतं. तू तिथेच तोंड खाली घालून बसला होतास.

दुसरी चूक याहून मोठी. गन मारताना ग्रीस निपलच्या बुडातून बाहेर येत होतं आणि तू ते फडक्याने पुसलंस. आत काही जात नाही, हेच ते ग्रीस तुला सांगत होतं! या गाडीत स्विव्हल पिनचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते ट्रनियनमध्ये फिरतं. गाडीचा भार पेलून चाक वळवायचं, हे काम त्या आट्यांचं. त्यांच्यात ग्रीस नसेल तर आपली काळ्या मातीची धूळ आत जाते, पावसाळ्यात पाणी जातं आणि पॉलिशपेपरने घासावेत तसे आटे झिजतात. याच घराण्यातल्या मॉरिस मायनरमध्ये खालचा ट्रनियन कोरडा राहिला तर पिन निसटते आणि चाक गाडीखाली मुडपतं, हे जगभरच्या मिस्त्रींना माहीत आहे. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाताना, समोरून भरलेले ट्रक येत असताना, असं झालं तर गाडीतल्या माणसांचं काय होईल?

"गाडी रोज कुठे चालते, सर?" हे कारण मला सांगू नकोस. उभ्या गाडीतलं ग्रीस सुकतं, घट्ट होतं, वाट बुजवतं. म्हणून तिच्याकडे जास्त बघायचं. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. निपल काही रुपयांत मिळेल, पण तू ट्रनियन नासवलास तर दुसरा बाजारात शोधत फिरावं लागेल.

आता नीट ऐक. ते निपल काढ. पाव इंची, २८ आट्यांच्या टॅपला ग्रीस फास, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येईल. पाव फेरा पुढे, थोडा मागे, घाई नाही. आटे धरत नसतील तर मला बोलाव, मनाने मोठं भोक पाडू नकोस. भोक साफ कर. नव्या निपलची गोळी दाबून बघ, स्प्रिंगने परत वर आली पाहिजे. निपल आधी नुसत्या बोटांनी फिरव. शेवटचा कस पान्याने, तोही हलका, कारण ते आतून पोकळ असतं आणि मोडतं. सरळ निपलवर गन बसत नसेल तर ४५ अंशांचं घे. चाक उचल, खाली स्टँड लाव, निपलचं तोंड पूस आणि मग गन मार. मधून मधून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळव. ट्रनियनच्या कडेने आधी काळं, जुनं ग्रीस येईल, मग स्वच्छ. ते स्वच्छ ग्रीस स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबायचं नाही. काहीच आलं नाही तर वाट बुजली आहे. मग सांधा उघडायचा, गन जोरात मारत बसायचं नाही.

तू आज बसवलेली बाकीची निपलंही काढून तपास. संध्याकाळी मालक येतील तेव्हा काय चुकलं होतं आणि काय दुरुस्त केलंस, ते तूच त्यांना सांगायचंस. मी शेजारी उभा राहीन, तुझ्या वतीने बोलणार नाही. गाडी त्यांची आहे, तिच्यात त्यांची माणसं बसणार आहेत, तेव्हा खरं ऐकायचा हक्क त्यांचा आहे. तोपर्यंत जॉबकार्डवर तुझी सही मला दिसता कामा नये.

जा, जॅक लाव.